नसबंदीनंतर घरी : मिरीच्या नोंदी, जून ते ऑगस्ट 2024

मिरी आमची गावठी कुत्री. काळीभोर, दीड वर्षाची, वजन 16.4 किलो. आम्ही पुण्यात सिंहगड रस्त्यावर, नदीपासून फार लांब नसलेल्या एका गल्लीत राहतो. घर तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही. घरात मी, आई आणि निवृत्त शिक्षक असलेले बाबा. ऑपरेशन ठरल्यावर "पळू देऊ नका, उड्या मारू देऊ नका" एवढं सगळ्यांनी सांगितलं. पण 54 पायऱ्या दिवसातून चार वेळा कशा उतरायच्या, जखम चाटू नये म्हणून गळ्यात कोन (प्लॅस्टिकचा शंकू) घातलेली कुत्री पाणी कशी पिणार, हे विचारायला कुणी सापडलं नाही. तीच अडचण दुसऱ्या कुणाला आली तर उपयोग व्हावा म्हणून रोज रात्री लिहीत गेले.

10 जून, सोमवार

एप्रिलमध्ये मिरी हीटवर (माजावर) आली होती. त्यानंतर किमान दोन महिने जाऊ द्या, त्या काळात गर्भाशयाच्या रक्तवाहिन्या फुगलेल्या असतात, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. म्हणजे जूनच्या मध्यावर ऑपरेशन, जोराचा पाऊस लागायच्या आत. आज त्यासाठी रक्त तपासलं आणि सगळं पुढे गेलं. प्लेटलेट 92 हजार, रक्त नीट गोठायला हव्यात त्यापेक्षा कमी. गोचीडताप. बाहेरून कुत्री अगदी ठणठणीत, खातेय, खेळतेय. तपासणीचे 1,400 रुपये वाचवले असते तर रक्त नीट न गोठणाऱ्या कुत्रीला टेबलावर झोपवलं असतं. 28 दिवस डॉक्सिसायक्लिन.

पहिले दोन दिवस गोळी उपाशीपोटी दिली आणि दोन्ही दिवस तिने ओकून काढली. जेवणानंतर द्यायला लागल्यावर उलटी थांबली.

12 जुलै, शुक्रवार

पुन्हा रक्त तपासलं. प्लेटलेट 2 लाख 38 हजार. ऑपरेशन मंगळवारी, 16 तारखेला. भर पावसात करायची माझी इच्छा नव्हती. ओल, चिखल, माश्या, सगळंच जखमेच्या वाईटावर. पण पुढची हीट ऑक्टोबरच्या आसपास येणार, मग पुन्हा दोन महिने थांबणं आलं. जुलैच पक्का केला.

15 जुलै, सोमवार

तयारीत अख्खा दिवस गेला. काल अंघोळ घातली, कारण आता निदान दोन आठवडे अंघोळ नाही. पलंगाखाली ती घुसते म्हणून तिन्ही बाजूंनी ट्रंका आणि खुर्च्या लावल्या. सोफ्यावर कपडे वाळत घालायचा स्टँड आडवा टाकला. हॉलच्या कोपऱ्यात धुता येणारी मॅट (640 रुपये), वर जुनी सोलापुरी चादर. फरशीवर पाय घसरतो तिथे गोणपाट.

रात्री नऊनंतर खाणं बंद, पाणी सकाळी सहापर्यंत. बाबा चहाबरोबर तिला एक बिस्कीट देतातच, गेलं वर्षभर एकही सकाळ चुकलेली नाही. डब्यावर कागद चिकटवला, "आज नाही". भूल देताना पोटात अन्न असलं तर ते उलटून श्वासनलिकेत जाऊ शकतं, हे बाबांना समजावून सांगितलं. ते म्हणाले, "मग मीही चहा नंतरच घेतो, तिच्यासमोर नको."

16 जुलै, मंगळवार. ऑपरेशन

सकाळी साडेदहाला सोडलं, संध्याकाळी पाचला ताब्यात मिळाली. पोटाच्या मधोमध साधारण करंगळीएवढी चीर, बाहेरून पाच टाके. आतले टाके विरघळणारे, बाहेरचे 11 दिवसांनी काढायचे.

निघण्याआधी डॉक्टरांकडून एक गोष्ट शिकून घेतली, तिचा पुढे फार आधार वाटला. हिरड्या गुलाबी आहेत ना ते बघत राहा, असं सगळे सांगतात. बोटाने दाबून सोडलं की दोन सेकंदांत रंग परत यायला हवा. मिरीच्या हिरड्या काळ्या आहेत, तिथे काय दिसणार? डॉक्टरांनी तिची खालची पापणी हलकेच ओढून आतली बाजू दाखवली. ती गुलाबी हवी. पांढरट दिसली आणि कुत्री मलूल असली तर आत रक्तस्राव होत असू शकतो, तेव्हा सकाळची वाट न बघता निघायचं.

रिक्षातून उतरल्यावर पायऱ्या. उचलताना पोटाखाली हात घालायचा नाही. एक हात छातीच्या पुढून, दुसरा मांड्यांच्या मागून, पाठ सरळ राहील अशी अंगाशी धरायची. पहिल्या मजल्यावर एकदा आणि दुसऱ्यावर एकदा थांबले. बाबांची कंबर धड नाही, आईला झेपणार नाही, त्यामुळे हे काम माझं एकटीचं.

रात्र वाईट गेली. भूल उतरताना ती कण्हत होती, डोळे उघडे पण ओळख नसल्यासारखे. अंग थरथरत होतं. भुलीत शरीराचं तापमान खाली जातं, म्हणून दोन चादरी घातल्या, पंखा बंद केला. गरम पाण्याची पिशवी द्यायचा विचार होता, पण गुंगीतल्या कुत्रीला चटका बसला तरी ती सरकणार नाही, म्हणून टाळलं. नऊ वाजता चार घास मऊ भात दिला, त्यातले दोन खाल्ले. मध्येच कोरडा खोकला येत होता. भुलीची नळी घशात असल्यामुळे एखाद-दोन दिवस तो येतो.

मी शेजारीच जमिनीवर झोपले. दर तासाला पापणी बघितली. आजीच्या घरची राणी सारखी आठवत होती. ती आठ-नऊ वर्षांची असताना खूप पाणी प्यायला लागली, उन्हाळा आहे म्हणून कुणी लक्ष दिलं नाही, आणि कळलं तेव्हा गर्भाशय पुवाने भरलेलं होतं. ती गेली. नसबंदीत गर्भाशय काढतात, मिरीचं ऑपरेशन मी त्यासाठीच केलं.

17 जुलै, बुधवार. आषाढी एकादशी

सकाळी शेपूट हलली. घरात उपास, त्यामुळे चिकन उकडायचा प्रश्नच नव्हता. आईने मिरीसाठी मऊ दहीभात केला, तो तिने निम्मा खाल्ला.

आजची चूक पाण्याची. दुपारी शू गडद पिवळी दिसली तेव्हा लक्षात आलं की कालपासून ती जवळजवळ पाणीच प्यायलेली नाही. तहान होती, पण वाकली की कोनाची कड फरशीला टेकायची आणि तोंड भांड्यापर्यंत पोचायचंच नाही. दोन-तीनदा आपटून तिने नाद सोडला होता. रुंद थाळा बदलून कोनाच्या आत मावेल असा खोल वाडगा घेतला आणि तो देव्हाऱ्याजवळच्या पाटावर ठेवला. एका दमात अर्धा वाडगा प्यायली. पाणी, जेवण, दोन्ही आता पाटावरच.

दुसरं म्हणजे कोनच आखूड निघाला. मेडिकलमधून 350 रुपयांचा आणला होता, मापाचा अंदाज घेऊन. मान लांब केली की नाकाचं टोक बाहेर. असल्या कोनाने चाटणं थांबत नाही. नाकाच्या पुढे तीन बोटं कड राहील असा दुसरा घेतला, 600 रुपये.

18 जुलै, गुरुवार

चादर झटकताना दोन गोळ्या सापडल्या. वेदनाशामक दिवसातून एकदा आणि अँटिबायोटिक दोनदा, दोन्ही मी घशात नीट घातल्या असं समजत होते. ती गालात धरून ठेवायची आणि मी वळले की कोनाच्या आत थुंकायची. एक वेदनाशामक, एक अँटिबायोटिक. म्हणजे काल संध्याकाळी ती कोपऱ्यात तोंड करून बसली होती ती कोनाला रुसून बसलेली नव्हती, तिला दुखत होतं. फार वाईट वाटलं.

डॉक्टरांना फोन केला. राहिलेला डोस भरून काढायला दोन गोळ्या एकदम द्यायच्या नाहीत, पुढची वेळेवर द्या, म्हणाले. आणि माणसांची दुखण्यावरची गोळी घरात असली तरी चुकूनही नको. आयब्युप्रोफेन, डायक्लोफेनॅक कुत्र्यांच्या पोटाला आणि मूत्रपिंडाला घातक ठरतात.

आता पनीरचे तीन तुकडे करते. पहिला साधा, दुसऱ्यात गोळी, तिसरा तिला दिसेल असा हातात. तिसऱ्याच्या ओढीने ती दुसरा न चावता गिळते. संध्याकाळपासून एकही गोळी बाहेर आली नाही.

शेजारच्या काकूंनी जखमेवर हळद-तेल लावायला सांगितलं. त्यांचा जीव आहे मिरीवर, पण तेलाने ती आणखी चाटेल आणि टाके ओले राहतील. कोरडं ठेवायचं, एवढंच औषध.

19 जुलै, शुक्रवार

ऑपरेशननंतरची पहिली शी आज झाली, चौथ्या दिवशी. त्याची मला दोन दिवस काळजी होती. पण आधीचा उपास, भूल, कमी खाणं, यामुळे एवढा वेळ लागू शकतो. जेवणात चमचाभर उकडलेला लाल भोपळा घालत होते.

बाबांच्या जुन्या बनियनचा प्रयोग केला. पुढचे पाय बाह्यांच्या भोकांतून, मागचा भाग पाठीवर ओढून गाठ. कोनापेक्षा तिला हे कितीतरी आवडलं. पण शू करताना मागची कड भिजते आणि जुलैत काहीच वाळत नाही. चार बनियनं फिरवली, इस्त्री फिरवून वाळवली, तरी एकदा दमट बनियन तासभर जखमेवर राहिलं. खाली कातडी ओलसर, लालसर. बनियन आता फक्त मी समोर बसलेली असताना. बाकी वेळ कोन.

रोज सकाळी आठला, खिडकीपाशी, त्याच बाजूने जखमेचा फोटो काढते. नुसत्या डोळ्यांना रोज तेच दिसतं. फोटो शेजारी ठेवले की सूज उतरतेय की चढतेय ते कळतं.

20 जुलै, शनिवार

मिरी बरी झाली, असं मिरीचं मत आहे. चेंडू तोंडात घेऊन आली. दारावरची बेल वाजली की उसळते. भूक पूर्ववत. वेदनाशामक काल संपलं, तरी दुखत नाही. पोटाचे स्नायू मात्र अजून फक्त धाग्यांनी धरलेले आहेत. घरातही पट्ट्याने बांधून ठेवायला सुरुवात केली, पट्टा माझ्या खुर्चीच्या पायाला. खाली फक्त शी-शूपुरतं, पाच मिनिटं.

ऑफिसची सुट्टी मी 16 ते 18 घेतली होती. त्या तीन दिवसांत ती बहुतेक झोपून होती, आईनेही सांभाळली असती. सुट्टी खरी लागणार होती आजपासून. दुसऱ्या कुणाला करायचं असेल तर पाचवा ते आठवा दिवस मोकळा ठेवा.

21 जुलै, रविवार. गुरुपौर्णिमा

हे लिहायला जड जातंय. बाबांचे जुने विद्यार्थी दरवर्षी या दिवशी येतात. सकाळपासून बेल, फुलं, पेढे, चपलांचा ढीग. मिरीला आतल्या खोलीत ठेवलं होतं. साडेबाराला तिला जेवायला घातलं, तेव्हा कोन काढला, कारण कोनाशिवाय ती नीट जेवते. तेवढ्यात बेल वाजली. आई स्वयंपाकघरात, बाबा माणसांत. मी दार उघडायला गेले, आलेल्यांना बसवलं, पाणी दिलं. दहा मिनिटं. परत आले तर ती कपाटाच्या आडोशाला, मागचा पाय वर करून, मन लावून चाटत होती.

दोन टाके गेलेले. कडा नखभर उघडलेल्या, आत ओलसर गुलाबी.

पहिली पाच मिनिटं मला काही सुचलं नाही. मग कोन घातला, स्वच्छ गॉज ठेवून बनियन बांधलं, फोटो पाठवला. डॉक्टर रविवारी दवाखाना उघडून बसले. पोटाला तीन थर शिवलेले असतात, स्नायूंचा, कातडीखालचा आणि कातडीचा. तिचा फक्त वरचा गेला होता. स्नायूंचा थर उघडून आतलं काही बाहेर दिसलं असतं तर ते आत ढकलायचं नाही, स्वच्छ ओल्या कापडात धरून तसंच धावत यायचं, असं त्यांनी सांगितलं. जागा बधिर करून दोन नवे टाके घातले. अँटिबायोटिक आणखी पाच दिवस.

रविवारची फी 500, टाके 1,800, औषध 420, रिक्षा 240. एकूण 2,960 रुपये आणि चार दिवस वाढले. टाके 27 ऐवजी 31 जुलैला काढायचे.

जेवतानाही कोन काढायचा नाही. हातावर घास धरून भरवायचं, वेळ लागला तरी चालेल. काढायचाच असेल तर एका हातात तिचा पट्टा हवा आणि तो हात दुसऱ्या कुठल्याही कामाला द्यायचा नाही. विद्यार्थ्यांना बाबांनीच सांगितलं, "आज बसू नका, पोरीला बरं नाही." चप्पल घालून बाबाही माझ्याबरोबर दवाखान्यात आले होते.

22 ते 24 जुलै

रोजचा क्रम लागला. नव्या टाक्यांच्या शेजारी सुपारीएवढा मऊ फुगवटा आला. फोटो पाठवला. दाबल्यावर मऊ, गरम नाही, दुखत नाही, त्यातून काही येत नाही, म्हणजे हालचालीमुळे साठलेलं पाणी असावं, हळूहळू जिरेल, असं उत्तर आलं. गरम लागला, वास आला, पू आला किंवा ताप 103 च्या वर गेला तर लगेच या. कुत्र्याचं नेहमीचं तापमानच 101 ते 102.5 फॅरनहाइट असतं. मी आधी ते माणसाच्या हिशोबाने बघून घाबरले होते.

पाऊस थांबत नाही. घरात माश्या फार. जखमेवर माशी बसून अंडी घातली तर किडे पडतात, म्हणून मॅटभोवती मच्छरदाणी टाकली. लहान बाळाची दुमडती मच्छरदाणी तिला बरोबर पुरते.

25 जुलै, गुरुवार

रात्रभर कोसळत होता. खडकवासल्यातून पाणी सोडलं आणि पहाटे मुठेचं पाणी सिंहगड रस्त्याच्या नदीकडच्या भागांत शिरलं. एकतानगरीत लोकांना बोटीने बाहेर काढत होते. आमच्या पार्किंगमध्ये गुडघाभर पाणी, वीज गेलेली.

मिरीला सकाळची शू. खाली नेणं शक्यच नव्हतं. पुराच्या पाण्यात गटार असतं, उंदरांचं मूत असतं, त्यातून लेप्टो होतो. लस झालेली असली तरी उघड्या टाक्यांनिशी त्या पाण्यात मी तिला उतरवणार नव्हते. उचलून गच्चीवर नेलं, आईने छत्री धरली. मिरी वीस मिनिटं आमच्याकडे बघत उभी राहिली. सिमेंटवर शू करायची असते हे तिला माहीतच नाही. परत खाली. दहा वाजता पुन्हा वर, पुन्हा नाही. दुपारपर्यंत ती अस्वस्थ होऊन कण्हायला लागली.

शेवटी बाबांनी डोकं चालवलं. दोन कुंड्यांमधली माती मोठ्या घमेल्यात ओतली, वर कुंडीतलंच थोडं गवत, आणि सकाळी पुसायला घेतलेला तिच्या शूचा जुना फडका त्यात ठेवला. गच्चीच्या जिन्यावरच्या छपराखाली घमेलं. तिने हुंगलं, गोल फिरली आणि केली. आई रडायलाच लागली. ऑपरेशनच्या आधीच हिला घमेल्याची सवय लावली असती तर आजचे सहा तास वाचले असते, आणि गेले नऊ दिवस रोज चार वेळा 54 पायऱ्याही.

जखम कोरडी. फुगवटा कालपेक्षा लहान. दवाखान्याच्या गल्लीतही पाणी होतं, पण फोन लागला. तेवढ्याने धीर आला.

27 जुलै, शनिवार

पाणी ओसरलं, चिखल राहिला. घमेलं चालूच. खाली अजिबात नेत नाही.

31 जुलै, बुधवार. टाके काढले

तीन मिनिटांचं काम. नव्या टाक्यांच्या जागी थोडी जाड रेघ राहिली आहे, ती राहील. फुगवटा जिरला. डॉक्टरांनी आणखी दोन दिवस कोन ठेवायला सांगितला, कारण टाके काढल्यावर खाज येते आणि कुत्री तिथेच लागतात. पळणं आणखी एक आठवडा बंद. अंघोळ तीन दिवसांनी.

खर्च, जसा झाला तसा: दोन रक्ततपासण्या 2,800, गोचीडतापाचं औषध 640, ऑपरेशन 8,500, नंतरची औषधं 780, दोन कोन 950, मॅट 640, गुरुपौर्णिमेच्या दिवसाची फी, टाके आणि औषध 2,720, सगळ्या रिक्षा मिळून 1,160. एकूण 18,190 रुपये.

10 ऑगस्ट, शनिवार

पोटावरचे केस खुंटासारखे उगवलेत. आज वजन 16.9 किलो, म्हणजे ऑपरेशनआधीपेक्षा अर्धा किलो जास्त. नसबंदीनंतर शरीराची गरज साधारण पाव हिश्शाने कमी होते आणि भूक मात्र वाढते. रात्रीच्या दोन पोळ्यांची दीड केली. बाबांचं सकाळचं बिस्कीट आता अर्धं, त्यांनी स्वतःच मोडून ठेवलं.

संध्याकाळी तिला पहिल्यांदा मैदानात सोडलं. पट्टा काढल्यावर ती क्षणभर माझ्याकडे बघत तशीच उभी राहिली. मग कान मागे टाकून पळाली, चिखलातून, पार कुंपणापर्यंत आणि परत.